साडूभाऊंचा सीटी स्कॅन

आमच्या थोरल्या साडूंनी आजवरच्या आयुष्यात कुठलीही गोष्ट एकट्याने पोटात घातलेली नाही. जेवणाचं सोडा, साधा पाण्याचा ग्लास हातात आला तरी ते आधी आजूबाजूला बघतात, कुणी तहानलेलं दिसतंय का. दिसलं नाही तर उठून शोधून आणतात. चोपड्याला त्यांच्या घरी चहा कपाच्या मापाने होत नाही, पातेल्याच्या मापाने होतो, आणि तरीही प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच कप येतो. कारण चहा उकळेपर्यंत साडूभाऊ ओट्यावर उभे राहून रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारत असतात. पोस्टमन, केळीचा व्यापारी, शेजाऱ्याचा जावई, कुणीही चालतो. एकदा मीटर बघायला आलेल्या वायरमनला त्यांनी चहावरून थेट शेवभाजी-भाकरीवर नेलं. तो पोटावर हात फिरवत निघून गेला आणि मीटर बघायचं राहूनच गेलं. एस.टी.त त्यांनी शेंगांची पुडी सोडली की ती मागच्या सीटपर्यंत फिरते आणि टरफलं उचलायचं काम माझ्याकडे येतं. हिवाळ्यात त्यांच्या मळ्यात भरीत पार्टी झाली, तर निमंत्रण ज्यांना असतं ते कोपऱ्यात उभे असतात आणि पहिल्या पंगतीला कोण बसलंय हे खुद्द साडूभाऊंनाही सांगता येत नाही.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस. आमच्याकडे पाणीसुद्धा पाळीने सुटतं. त्यामुळे हा मोकाट कारभार मला कधीच मानवला नाही, आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगत आलोय. ते माझं सगळं ऐकून घेतात आणि माझ्या हातात अर्धं केळं ठेवतात. आता केळ्याचंही एक वेळ समजू शकतो, पण हा माणूस औषधंसुद्धा वाटतो. खोकल्याची बाटली उघडली की समोर बसलेल्याला पहिला चमचा. ‘‘ल्या ना, घसा मोकया व्हई जाई,’’ असं इतक्या अगत्याने म्हणतात की ज्याला खोकला नाही तोही उगीच थोडा खोकून घेतो. मागे मी त्यांच्याकडे गेलो असताना मला जरा गरगरल्यासारखं झालं, तर त्यांनी आपली बी.पी.ची गोळी नखाने दोन तुकडे करून माझ्यापुढे धरली. मी ओरडलो तेव्हा कुठे त्यांनी तो तुकडा मागे घेतला. त्यांचा चेहरा मात्र पडला होता. त्यांना वाटलं, मला मोठा तुकडा हवा होता.

अशा माणसाची भूक मेली तर ती कुणाला कळायची कशी? बाकीच्यांचं ताट उष्टं राहतं म्हणून घरात कळतं. साडूभाऊंचं ताट रोजच लख्ख रिकामं व्हायचं, कारण ते पंगतीला बसून या मुलाला भाकरी, त्या पाहुण्याला भात असं करत सगळं वाटून मोकळे व्हायचे. पूर्वी अर्धं वाटायचे, आता सगळंच वाटत होते, एवढाच फरक होता. तो फरक अक्काला दिसला. अक्का म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, साडूभाऊंची मंडळी. फार बोलत नाही, पण बोलली की समोरच्याने ऐकायचंच असतं. तिने एका सकाळी मला फोन केला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, ‘‘भाऊ, महिनापाईन यासनी धड खादं नही. बठ्ठं ताट लोकेसले वाटी देतस. तुम्ही या.’’ मागून साडूभाऊंचा आवाज येत होता, ‘‘माले काय व्हयनं? मी एकदम बरा शे.’’

मी गेलो. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. चोपड्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि छातीचा एक्स-रे काढला. पोटात जठराजवळ गाठ होती आणि छातीत एक डाग होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, ‘‘जळगावला जाऊन छाती आणि पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन करून घ्या. गाठ पोटापुरतीच असेल तर ऑपरेशन करून काढता येईल. छातीतला डाग तिचाच असेल, तर मग काढण्यात अर्थ नाही.’’ मी मान हलवली. बाहेर आलो तर साडूभाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून कंपाउंडरला चिक्की देत होते.

साडूभाऊ आणि अक्का जळगावात मेहरूणला आमच्या घरी आले आणि आमच्या घराची धर्मशाळा व्हायला वेळ लागला नाही. तपासणीच्या सेंटरमधून फोन आला तेव्हा तो त्यांनी स्पीकरवर टाकला, कारण फोनवरचं बोलणंही एकट्याने ऐकायची सवय नाही. पलीकडची सिस्टर एकेक गोष्ट समजावून सांगत होती. आधी किडनीची रक्ततपासणी करून रिपोर्ट आणायचा, कारण शिरेतून औषध जाणार आहे. सकाळपासून काही खायचं नाही. अंगावर धातूची वस्तू ठेवायची नाही. तिथे आल्यावर एक औषधी पाणी देतील, ते हळूहळू प्यायचं. मग तिने विचारलं, ‘‘आबा, तुम्हाला कशाची अ‍ॅलर्जी आहे का? म्हणजे काही खाल्ल्यावर त्रास होतो असं?’’

‘‘एकलं खादं का त्रास व्हस,’’ साडूभाऊ म्हणाले.

मग मी फोन घेतला आणि त्यांना कसलीही अ‍ॅलर्जी नसल्याचं सांगितलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना उपाशीपोटी स्कूटरवर घेऊन निघालो. सेंटरपर्यंत व्यवस्थित नेलं, गेटपाशी उतरवलं आणि स्कूटर लावायला गेलो. तेवढीच माझी चूक. स्कूटर सावलीत लावून परत येईपर्यंत वॉचमन आणि साडूभाऊ एका स्टुलाच्या दोन्ही बाजूंना बसले होते आणि स्टुलावर चहा होता. आत गेल्यावर सिस्टरने विचारलं, ‘‘काही खाल्लं नाही ना?’’ खोटं बोलणं साडूभाऊंच्या रक्तात नाही. ते म्हणाले, ‘‘खाल्लं नाही बाई. चहा घेतला अर्धा, आणि खारी मोडली जराशी. तो माणूस एकटाच पीत बसला होता हो.’’ सिस्टरने आम्हाला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.

परतताना मी स्कूटरवर त्यांना इतकं बोललो की सिग्नलवरचे लोक बघायला लागले. एक दिवस फुकट गेला होता. माझ्या डोक्यात तो डाग सारखा फिरत होता. छातीतला तो डाग कशाचा, हे कळेपर्यंत मला बसवत नव्हतं की झोपवत नव्हतं. संध्याकाळी मी मेहरूणच्या तलावावर चकरा मारायला गेलो. नेहमी एक चक्कर मारतो, त्या दिवशी किती मारल्या कुणास ठाऊक. घरी आलो तर साडूभाऊही गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत असे येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, बसा जरा. ते म्हणाले, तुम्ही बसा आधी. मग आम्ही दोघेही बसलो आणि दोघेही लगेच उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवीनच तिढा घातला. उपाशी राहायला त्यांची हरकत नव्हती, पण एकट्याने उपाशी राहायला होती. आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी पडलेली त्यांना चालणार होती, पण मग पोह्यांच्या वासाने त्यांचं मन चळणार आणि त्याची जबाबदारी ते घेणार नव्हते. अक्का तर आदल्या रात्रीपासून जेवलीच नव्हती. बायको म्हणाली, आपणही राहू, त्यात काय एवढं. मला पित्ताचा त्रास आहे. सकाळी नाश्ता झाला नाही तर मी माणसांवर भुंकतो, असं बायकोच म्हणते. तरीही मी राहिलो. चार उपाशी माणसं रिक्षात बसून सेंटरला गेलो आणि वॉचमनकडे कुणीही बघायचं नाही, असा मी सगळ्यांना दम दिला.

किडनीचा रिपोर्ट चांगला होता. सिस्टरने साडूभाऊंच्या हातात एक मोठी बाटली आणि ग्लास दिला. दिसायला साधं पाणी, चव जराशी कडवट. ती म्हणाली, ‘‘थोडं थोडं करत तासाभरात संपवायचं. यामुळे आतडी नीट दिसतात. सगळं संपलं पाहिजे हं आबा.’’ साडूभाऊंनी मान डोलावली. मला काउंटरवर कागदांसाठी बोलावलं म्हणून मी गेलो. तिथे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेलो, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठवलं. परत आलो तेव्हा बाटली रिकामी होती आणि साडूभाऊ समाधानाने बसले होते. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, एकदाचं काहीतरी सांगितल्यासारखं केलं.

मग माझं लक्ष बाकाकडे गेलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून सासऱ्याला घेऊन आलेला एक शेतकरी कागदी कप चेपत होता. त्याच्या शेजारी वॉचमन तोंड वेडंवाकडं करत होता. आणि आमची ही, सकाळपासून उपाशी असलेली माझी लग्नाची बायको, पदराने तोंड पुसत होती. साडूभाऊंनी बाकाच्या कडेला कागदाने झाकून ठेवलेला एक कप उचलला आणि माझ्यापुढे केला.

‘‘तुमना वाटा ठेवेल शे. ल्या, लाजू नका. पोट साफ व्हई.’’

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. सिस्टर धावत आली, तिच्यामागून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बाकावरच्या प्रत्येकाला विचारलं, अ‍ॅलर्जी आहे का, दमा आहे का, थायरॉईड आहे का. शेतकरी म्हणाला, ‘‘बाई, आबानी इतलं प्रेमथीन दिनं, नही कसं म्हनू?’’ वॉचमनला वाटलं आता आपलाही स्कॅन होणार, म्हणून तो टोपी काढून उभा राहिला. सगळ्यांना तिथेच बसवून ठेवण्यात आलं. कुणाला काही झालं नाही. फक्त आमच्या हिला दुपारी दोनदा जावं लागलं, आणि त्याबद्दलही ती साडूभाऊंना नाही, मलाच बोलली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून साडूभाऊंकडे पाहिलं. मला वाटलं, आता झापणार. पण त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते. ‘‘आबा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हे औषध ज्याच्या पोटात जाईल त्याचंच पोट दिसतं. तुमची गाठ मला या वॉचमनच्या पोटात कशी दिसणार?’’

साडूभाऊ हसले नाहीत. नवीन बाटली आली. ती त्यांनी मांडीवर घेतली, ग्लास भरला आणि तसाच धरून बसले. अक्का त्यांच्या शेजारी सरकून बसली आणि म्हणाली, ‘‘प्या ना.’’ ते म्हणाले, ‘‘उतरत नही वं.’’ घोट तोंडात घ्यायचे आणि तो घशाशी अडायचा. घड्याळ पुढे सरकत होतं. सिस्टर दोनदा डोकावून गेली. हे प्यायले नाहीत तर आज पुन्हा होणार नाही, आणि आज झालं नाही तर हा माणूस तिसऱ्यांदा इथे पाऊल टाकणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात समोरच्या बाकावर एक म्हातारे चाचा येऊन बसले. धुळ्याचे गादी-रजईचे कारागीर, जळगावला लेकीकडे आलेले. दाढी मेंदीने रंगवलेली. त्यांच्याही हातात तसलीच बाटली होती. त्यांनी एक घोट घेतला, तोंड कडू केलं आणि इकडे तिकडे बघताना त्यांना साडूभाऊंच्या हातातला भरलेला ग्लास दिसला. दोघांनी एकमेकांकडे नुसतं पाहिलं.

‘‘तुमची बी हीच?’’ चाचांनी विचारलं.

‘‘हीच,’’ साडूभाऊ म्हणाले. ‘‘पण देता येत नाही कुणाला.’’

‘‘द्यायला कशाला पाहिजे? माझ्याकडं माझी है ना. बरोबर पिऊ.’’ चाचांनी ग्लास भरला आणि उचलून धरला. ‘‘चलो भाई. बिस्मिल्ला.’’

साडूभाऊंनी ग्लास तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. त्यानंतर त्या दोघांचं जे काही चाललं ते पाहून एखाद्याला वाटावं, हे लग्नातलं सरबत पीत बसलेत. एक घोट त्यांचा, एक यांचा. मधल्या वेळात धुळ्याच्या कापसाची आणि चोपड्याच्या कापसाची तुलना झाली, गादीत कुठला कापूस दबत नाही ते ठरलं, आणि साडूभाऊंनी चाचांना मळ्यात भरीत खायला यायचं आवतण दिलं. चाचा म्हणाले, पहले ये पेट का फैसला होने दो. दोन्ही बाटल्या संपल्या.

आत जाताना आणखी एक अडचण निघाली. साडूभाऊंच्या कमरेला चांदीचा करदोडा, लग्नापासूनचा. तो काढल्याशिवाय मशिनखाली घेणार नव्हते आणि त्याचा फासा इतक्या वर्षांत घट्ट बसलेला. शेवटी अक्काने पडद्यामागे जाऊन दाताने तो सैल केला. करदोडा मुठीत घेऊन ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सिस्टर आत समजावत होती, ते बाहेर ऐकू येत होतं. ‘‘आबा, हाताच्या शिरेतून औषध सोडलं की अंगभर गरम वाटेल. लघवी झाल्यासारखं वाटेल, पण तसं काही नसतं. घाबरायचं नाही. श्वास रोखा म्हटलं की रोखायचा.’’ दार बंद झालं. मग स्पीकरवरून आवाज आला, श्वास घ्या, रोखून धरा. बाहेर मी, बायको आणि अक्का, तिघांनीही श्वास रोखला होता हे नंतर माझ्या लक्षात आलं.

बाहेर आल्यावर साडूभाऊंनी पहिली चौकशी केली ती चाचांची. त्यांना आत नेलं होतं. ‘‘त्यासले सांगा, गरम व्हस पण काही नही व्हत,’’ असं ते सिस्टरला पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि चाचा परत येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर्जनकडे गेलो. त्यांनी स्कॅनची चित्रं पडद्यावर लावली. गाठ जठरापुरतीच होती. छातीतला डाग जुना होता, कधी काळी होऊन बरा झालेल्या कसल्याशा आजाराची खूण होती. ‘‘काढता येईल,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ऑपरेशन मोठं आहे, वय आहे, धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण काढता येईल.’’ अक्काने मान खाली घातली आणि रडून घेतलं. मी डॉक्टरांना कसला तरी निरर्थक प्रश्न विचारला, कारण मलाही काहीतरी करणं भाग होतं.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं. तोवर केळीचे घड उतरवायचे आहेत म्हणून साडूभाऊ चोपड्याला जायला निघाले. कितीही सांगितलं तरी ऐकेनात. मी त्यांना आणि अक्काला बसस्टँडवर सोडायला गेलो. अक्का पुढे चढून जागा धरून बसली. साडूभाऊ खालीच थांबले होते. स्टँडवरच्या गर्दीकडे बघत, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले,

‘‘साडूभाऊ, सोमवारी माले काही कमीजास्त व्हयनं, तर तुमनी अक्काले जळगावले लई येवू नका. पोरे म्हणतीन, तुम्ही म्हणशात. पण तिले आठे करमाव नही. तिना ओटा तठे शे, तिन्या गायी तठे शेतस. तिले तठेच राहू द्या. तुम्हीच येत जा.’’

आपल्या मागे अक्काला घर सोडून जळगावला आणू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी एरवी त्यांच्या कुठल्याही वाक्याला दोन वाक्यांनी उत्तर देतो. काय वाट्टेल ते बोलता, असं म्हणायला हवं होतं. डॉक्टरांनी काढता येईल म्हणून सांगितलंय, असं म्हणायला हवं होतं. मी फक्त ‘‘बरं’’ म्हटलं. कंडक्टरने घंटी दिली. ते चढले आणि खिडकीतून हात हलवला. माझ्याही हाताला तेवढंच जमलं.

सोमवार अजून यायचाय. मी सकाळी तलावावर जातो, संध्याकाळी पुन्हा जातो आणि मध्ये दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतो. बायको म्हणते, बसा की जरा. मला बसवत नाही. मला सख्खा भाऊ नाही. लग्नात बायकोबरोबर हा माणूस मिळाला आणि इतकी वर्षं मी त्याला नुसती नावं ठेवत आलो. मला तो अजून हवा आहे, पुष्कळ दिवस हवा आहे. चोपड्याला त्यांच्या ओट्यावर जाऊन मी बसेन, पण ते असताना.